बरणीतलं पाणी

त्या रविवारी सकाळपासून एझरा झिराडकरांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर कोबी, खुर्चीवर कोबी, सिंकमध्ये कोबी. साउथहॅम्प्टनच्या गोदीत फिटर असलेल्या एझरांनी वर्कशॉपमधल्या एका पोलिश सोबत्याकडून आंबट कोबी घालायला शिकून अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं त्यांची बायको मझल त्याला 'नासका कोबी' म्हणत आली होती. खायची मात्र तीच जास्त.

१९७४चा नोव्हेंबर होता. कोबीच्या रविवारासाठी त्यांची मुलगी मिल्का नेहमीप्रमाणे रीडिंगहून आली होती. तिथल्या लायब्ररीत तिची नोकरी होती, राहायची एकटीच. कामं वाटलेली होती. मझलने मुंबईहून आणलेल्या विळीवर कोबी बारीक चिरायचा, एझरांनी मीठ मोजायचं आणि मिल्काने तो मुठींनी रगडायचा.

"दोन मिरच्या तरी घालू द्या," मझल म्हणाली.

"आपण लोणचं नाही घालत."

"ते दिसतंच आहे. लोणच्याला चव असते."

एझरांनी चमच्यावरचं मीठ सुरीने सपाट केलं आणि व्याख्यान सुरू केलं. "पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. मिठाने कोबीला रस सुटतो, त्यातच तो बुडला पाहिजे. पाणी घालतात ते आळशी लोक."

"अकरा वर्षं ऐकतेय, पप्पा," मिल्का म्हणाली.

"ऐकणं वेगळं आणि रगडणं वेगळं. सरक." त्यांनी बाह्या सारल्या.

"बघ गं, कोबीला कसं मालिश चाललंय," मझल म्हणाली. "माझे गुडघे दुखतात तेव्हा हे हात कुठे असतात?"

"तुझ्या गुडघ्यांना रस सुटत नाही," एझरा म्हणाले, आणि मझलने त्यांना कोबीचा दांडा फेकून मारला.

कोबी चिनीमातीच्या बरणीत दाबून भरला तेव्हा तीन वाजले होते. या वर्षीचा कोबी कोरडा निघाला. रस वर येईना. "तासभर थांबू. येईल," म्हणून एझरा वर ठेवायचा दगड घासायला मागच्या अंगणात गेले. मझल पाय पसरायला बाहेरच्या खोलीत गेली. रस वर आल्याशिवाय दगड ठेवायचा नाही आणि दगड ठेवल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा घरचा दंडक होता. मिल्काची गाडी चार दहाची होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, नळाखाली मग भरला आणि बरणीत ओतला.

एझरा दगड घेऊन आत आले. त्यांनी बरणीत वाकून पाहिलं आणि घरभर ऐकू जाईल असं ओरडले, "मझल! पंधरा मिनिटांत! माझ्या हाताला नाही सुटला, पोरीच्या हाताला रस सुटला!"

"पुस्तकं उचलून हात तयार झालेत," बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं.

मिल्का हसली. चार दहाची गाडी तिला मिळाली.

सोमवारी पहाटे कामावर जायचे बूट चढवताना एझरांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मिल्का दुपारी पोचली. तिच्या आधी लंडनहून गिडियनकाका, एझरांचा धाकटा भाऊ, आला होता. आरशावर चादर टाकलेली होती. घरात माणूस गेलं की साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं, ही बेने इस्राएल ज्यूंची जुनी रीत. मझलने किटली, जग, फुलदाणीसुद्धा रिकामी केली होती. बरणीपाशी मात्र ती खुर्ची ओढून बसली होती.

"अकरा वर्षं या कोबीला नावं ठेवली," ती म्हणाली. "आता ओतायचा तर हात उचलत नाही. ते असते तर किती हसले असते मला."

"वहिनी, ओतायचा कशाला?" गिडियनकाका म्हणाला. "पाण्याची रीत आहे, रसाची नाही. दादाने माझ्या सासऱ्यांनासुद्धा ते व्याख्यान दिलंय. एक थेंब पाणी नाही."

मझलचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिल्यांदाच. तिने मिल्काचा हात धरला. "तू होतीस ना शेवटपर्यंत. तू सांग. पाणी नाही ना घातलं? मग राहू दे बरणी. महिन्याने आपण दोघी उघडू."

नाही म्हणणं किती सोपं होतं. मिल्काने इतक्या पुस्तकांत इतकी दयाळू असत्यं वाचली होती की त्यातलं एखादं सहज ओठांवर आलं असतं. कालच्यासारखं नुसतं हसली असती तरी भागलं असतं. आईचा हात अजून तिच्या हातात होता, आणि त्याला मिठाचा वास येत होता.

"घातलं होतं, आई," ती म्हणाली. "मगभर. पप्पा अंगणात असताना. पुढची गाडी तासाने होती. रीडिंगला कुणी माझी वाट बघत नव्हतं, काही कामही नव्हतं. मला तुमच्यापाशी आणखी एक तास बसायचा कंटाळा आला होता."