अर्थिंगची तार

डूख धरावा तर तो सुरैयाने. दहा महिने झाले होते, पण बाईने तो एक दिवस विझू दिला नव्हता. सकाळी दुकानाचं शटर वर करताना समोरच्या निरंजनच्या घराकडे एकदा बघायचं, दातओठ खायचे आणि मगच कामाला हात लावायचा, असा तिचा नेमच होऊन गेला होता.

पौडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत तिचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मूळचं तिच्या बापाचं, मौलाचाचाचं. मौलाचाचा म्हणजे कानाने गाडी तपासणारा माणूस. गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी असायची, आणि हा आत बसून सांगायचा की हिच्या हॉर्नात पाणी गेलंय, हिची बॅटरी आठवड्याची सोबती. बरं, कळलं तर गप्प बसावं ना! गिऱ्हाईक आपलं असो नाहीतर रस्त्याने जाणारं, हाक मारून दोष सांगणार आणि काम कुणाकडूनही करून घे म्हणणार. असं फुकट सांगत बसलात तर दुकान कसं चालायचं, असं लोक विचारायचे. कळलेलं सांगितलं नाही तर घास उतरत नाही, असं म्हातारा म्हणायचा.

तर त्या सकाळी निरंजन आपल्या पायाने दुकानात आला, तेव्हा सुरैयाला वाटलं, अल्लाने ताट वाढूनच पुढे ठेवलं. त्याची ती धिप्पाड मोटरसायकल, पुढच्या गार्डला दोन स्पीकर, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर. दुखणं असं की बारीक आवाजात स्टिरिओ झकास वाजायचा, पण आवाज चढवला की खट्‌दिशी बंद, आणि चार-पाच सेकंदांनी आपोआप परत चालू. सूसला एकाने स्टिरिओ बदलला होता, दुसऱ्याने स्पीकर. ये रे माझ्या मागल्या. उद्या गावची जत्रा, याच्या मागे पन्नास गाड्यांची रॅली, आणि पुढारी गाडीच मुकी.

"सुरैयाताई, आता तुमीच बघा," तो म्हणाला. "चाचा असते तर नुसतं ऐकून सांगितलं असतं."

असते तर! किती सहज बोलून गेला बघा. सुरैयाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने हसून सीट उघडली.

दहा महिन्यांपूर्वी याचा वाढदिवस होता. भरदुपारची वेळ. दुकानामागच्या घरात खाटेवर मौलाचाचा शेवटच्या घटका मोजत होता. याची गाडी समोर येऊन थांबली, तेव्हापासून त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण आवाज फुटत नव्हता. दुबईला असलेल्या भावासाठी, झीशानसाठी, काही निरोप असेल, असं समजून सुरैयाने मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो उशाशी ठेवला. नेमका तेव्हाच बाहेर केक कापला गेला आणि हा स्टिरिओ सुरू झाला. भिंती थरथरायला लागल्या. ती धावत बाहेर गेली, याच्यापुढे हात जोडले, अब्बांचं काही खरं नाही म्हणून सांगितलं. हा मित्रांकडे बघून हसला. या गाडीला आवाज कमी करायचं बटनच न्हाई, म्हणाला, आणि आवाज आणखी चढवला. मध्येच गाणं चार-पाच सेकंद थांबलं. तिला वाटलं, चला, लाज वाटली पोराला. तेवढ्यात परत सुरू. ती आत आली तेव्हा म्हातारा गेला होता. ओठ अर्धे उघडे होते.

कुणी मारलं नाही, कुणी लुटलं नाही. पण बापाचा शेवटचा शब्द ऐकायला घरात कुणी नव्हतं, आणि पोटची पोर कुठे होती? तर या टोणग्यापुढे हात जोडून उभी होती. आणि हा ते विसरूनही गेला होता. ते रेकॉर्डिंग तिने चाळीस वेळा तरी उघडलं असेल. ते गाणं सुरू झालं की ती बंद करून टाकायची.

अ‍ॅम्प्लिफायरला मीटर लावून तिने त्याला आवाज चढवायला सांगितलं. काटा बारा व्होल्टवरून नऊवर घसरला. दहा मिनिटांत तिला सगळं कळलं. अर्थिंगची तार, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, सांगाड्याच्या रंगावरच स्क्रूने आवळलेली, तीही ढिली, गंजलेली. बारीक आवाजाला तेवढा करंट पुरायचा, मोठ्या आवाजाला अ‍ॅम्प्लिफायर उपाशी राहायचा. खात्री करायला तिने दुकानातल्या बॅटरीवरून दोन जाड तारा थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्या. मग पूर्ण आवाज दिला तरी गडी हूं की चूं करेना. निरंजन टाळ्या पिटायला लागला. शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातून हेमलता कान झाकत बाहेर आली.

आता फक्त त्या दोन तारांची, लाल आणि काळीची, अदलाबदल करायची होती. दोन सेकंदांत अ‍ॅम्प्लिफायरचा धूर. याच घडीची तिने दहा महिने वाट बघितली होती. पण जाळला तर हा नवा आणेल आणि परत नाचेल. आधी याला कळू दे काय केलंय ते, मग जाळू. तिने आपला मोबाईल त्याच्या स्टिरिओला जोडला, ते रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज शेवटपर्यंत नेला.

गाणं सुरू झाल्यावर निरंजन खुलला. हे तर आपल्या बड्डेला लावलेलं, म्हणाला. व्हय, तुझ्याच बड्डेचं, ती म्हणाली. मग गाण्याखालून धाप ऐकू यायला लागली. भात्यासारखी, अडखळत, गल्लीभर. निरंजनचं हसू हळूहळू उतरलं. त्याने आवाज कमी करायला हात पुढे केला. सुरैयाने त्याचं मनगट धरलं.

"बटन न्हाई या गाडीला. ऐक."

गाणं आणखी चढलं आणि खट्‌दिशी थांबलं. त्या शांततेत मौलाचाचा बोलला. अगदी स्पष्ट, दुकानात बसून बोलायचा तसा.

"सुरैया... निरंजनच्या गाडीची अर्थिंग ढिली झालीया. सांग त्याला."

परत गाणं.

सुरैयाने त्याचं मनगट सोडलं. झीशानला निरोप नाही, अल्लाचं नाव नाही. मरताना म्हाताऱ्याच्या घशात अडकलं होतं ते हे! तिला निरंजनपेक्षा बापाचाच संताप आला. ज्याने तुमचा जीव सुखाने जाऊ दिला नाही, त्याच्या गाडीची काळजी? आणि मग तिला इतकं रडू आलं की हेमलताने येऊन पाठीवर हात ठेवला.

निरंजन समोर हात जोडून उभा होता. जोडलेले ते हात तिने नीट बघून घेतले. मग ती पुढे झाली आणि लाल-काळ्या तारा हातात धरल्या. दोन सेकंदांचं काम होतं. तिने दोन्ही तारा उपसून काढल्या. गाणं अर्ध्यात तुटलं.

मग तिने त्याला सगळं सांगितलं, बापाने सांगितलं असतं तसं. सीटखाली डाव्या अंगाला स्क्रू हाय, तितला रंग खरवडायचा, जाड तार घ्यायची, थेट बॅटरीच्या मायनसला न्यायची. त्याने डोळे पुसत मान हलवली आणि मग बारीक आवाजात विचारलं, "मग ताई, तेवढं लावून द्या की."

"अब्बा सांग म्हणाले, ते सांगितलं. करून दे म्हणाले न्हाईत. गाडी काढ हितनं."

त्याने गाडी चालू केली नाही. ढकलत नेली, समोरच्या घरापर्यंत, सगळी गल्ली बघत असताना. सुरैयानेही शेवटपर्यंत बघितलं, आणि तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

हेमलता पाणी घेऊन आली. तिचा जीव हळहळत होता. ती म्हणाली, शेवटचा शब्दसुद्धा चाचांनी परक्या पोराच्या गाडीवर घालवला. तुझ्यासाठी काही ठेवलं न्हाई.

"ठेवलं की," सुरैया मोबाईल पुसत म्हणाली. "पहिली हाक कुणाला मारली, ऐकलं न्हाईस?"