निळ्या काठाची ताटली

"नागू, उजाडलं गं."

परड्याच्या भिंतीवरून दर शनिवारी येणारा तो आवाज नागुबाईच्या कानात अजून होता. हन्नाबाई एवढंच म्हणे. ज्यू घरात शनिवारी विस्तवाला हात लावत नाहीत, लाव म्हणून दुसऱ्याला सांगतही नाहीत. नागुबाई हातमागावरून उठायची, पलीकडं जाऊन चूल पेटवायची, मुकाट परतायची.

आता ती हन्नाबाईच्या खासबाग पेठेतल्या घराच्या सोप्यात बसून सुई ओवत होती. भोवती बांधलेल्या ट्रंका. उद्या हन्नाबाई लेकाकडं इस्रायलला निघणार. तिथल्या भिंतीवर लावायला तिनं मांजरपाटावर आपलं घर भरतकामात काढलं होतं, नागुबाईच्याच मागावरच्या उरल्यासुरल्या रेशमानं. डोळ्यांवर हात धरून शुक्रवारचा दिवा लावणारी बाई. मेंदीला बसलेली नवरी. मधोमध नवसाच्या मलिद्याचं ताट, गोड पोहे, खोबरं, खजूर, भोवती माणसं.

"ही हिरव्या लुगड्यातली ओळखलीस?"

नागुबाईनं कापड जवळ घेतलं. हिरवी बाई ताटाशी बसली होती. घास तोंडाशी.

"मीच की."

"नवस फेडला की पहिली ताटली तुझ्याकडं यायची. तुझ्याशिवाय मलिदा कसला?"

नागुबाईचे कान तापले. निळ्या काठाची ती ताटली. सासू म्हणायची, चूल पेटव त्यांची, पर खायाचं न्हाय त्यांचं. सासू गेली, तरी हात तोंडाकडं वळला नाही. ताटली परड्यात रिकामी व्हायची. मग ती धुऊन, चिमूटभर साखर घालून परत द्यायची आणि म्हणायची, लई ग्वाड झालता, आक्का.

आता तो घास तिकडच्या भिंतीवर कायमचा दिसत राहणार.

"ही बाई उसव की, आक्का. नाक वाकडं आलंय माझं."

"होतंच वाकडं." हन्नाबाई हसली. "पांढरा दोरा दे. कोपरा राहिलाय."

कोपऱ्यात, भिंतीपलीकडच्या शेवग्याखाली, तिनं टाके घातले. पाय झाले, मग लोंबते कान. नागुबाईची शेळी. हन्नाबाईनं दोरा तोडला, निळा ओवला आणि शेळीच्या तोंडाखाली लहानसा गोल भरायला घेतला. मान वर केली नाही.

काठ पुरा होत आला होता. नागुबाईनं त्यावर बोट ठेवलं.

"थांब, आक्का. माझ्या तोंडानं सांगू दे. तुझा मलिदा मी कधी खाल्लाच न्हाय."