डोळा पिकला न्हाई

सिस्टरनं वच्छलाबाईंचं नाव यादीत वरून खोडलं आणि तळाशी लिहिलं. मग फाईलच्या कोपऱ्यावर पिवळी पट्टी चिकटवली.

“काकू, तुमचा मोतीबिंदू आज सगळ्यात शेवटी.”

शेजारी ऑपरेशनची हिरवी टोपी घालून नंबरची वाट बघत बसलेला गावातला पंडित हसला. “मावशी, शेवटच्या पंगतीला बसवलं की तुमाला.”

“बसू दे. शेवटच्या पंगतीला वाढपी लई मायेनं वाढत्यात.”

सत्यशीला हसली नाही. सासूची फाईल तिच्या हातात होती. आतला रक्ताचा रिपोर्ट तिनं दोनदा वाचला. हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह. बी. कॉम.ला असलं काही शिकवलं नव्हतं, पण पॉझिटिव्ह म्हणजे काय ते कळत होतं. बाकाखाली खेळणाऱ्या चौदा महिन्यांच्या लेकीला तिनं आधी उचलून कडेवर घेतलं, आणि मग हातभर लांब सरकली.

लगेच तिला हायसं वाटलं. सासूला ती आत्या म्हणायची. आत्यांनी लेकीला कधी घेतलंच नव्हतं. बारशाला पाळण्याची दोरी तेवढी ओढली होती. मुलगी झाली म्हणून, असं सत्यशीलानं मनात धरून ठेवलं होतं, माहेरी बोलूनही दाखवलं होतं. आज त्याचाच आधार वाटला, याची तिला लाज वाटली.

ती सिस्टरजवळ गेली. “सिस्टर, घरात लहान लेकरू आहे.”

“जन्मल्यावर लस दिलीय ना?”

“सगळ्या दिल्यात. कार्ड आहे.”

“मग घाबरू नका. घरातले सगळे एकदा रक्त तपासून घ्या. हे रक्तातनं जातं. मांडीवर घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं नाही जात.”

“मांडीवर घेतल्यानं न्हाई?” बाकावरून वच्छलाबाईंनी विचारलं.

“नाही, काकू.”

“मागल्या शिबिरात तर म्हन्ले, रक्तात कावीळ हाय, लेकराबाळाला जपा. आप्रेशन न करताच गाडीत बसवून धाडलं.”

सत्यशीलाला ती संध्याकाळ आठवली. तेव्हा तिला सातवा महिना होता. आत्या दारातच म्हणाल्या होत्या, डोळा पिकला न्हाई अजून. त्या दिवसापासून त्यांचं ताट आणि तांब्या वेगळा झाला. म्हातारीचं सोवळं वाढलंय, असं ती नवऱ्याला म्हणाली होती.

बाकाशी परत येऊन तिनं लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. वच्छलाबाईंचे हात आधी अधांतरीच राहिले, मग हळूच लेकीच्या पाठीवर टेकले. त्यांनी चेहरा अगदी जवळ नेला. त्यांना एवढ्या जवळूनच काही दिसत असे. लेक क्षणभर बघत राहिली. मग तिनं ओठ बाहेर काढले, अंग ताठ केलं आणि रडत आईकडे झेपावली.

“आजी आहे गं ती.”

लेक ऐकेना.

“घे तिला,” वच्छलाबाई म्हणाल्या. “माझा नंबर आला वाटतं.”

पदर सारखा करून त्या उठल्या आणि आतल्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यांच्या आधीचा पंडित अजून बाकावरच बसला होता.