जावयासाठी निवडलेला रणगाडा

मी एक रणगाडा आहे. दचकू नका, काडेपेटीएवढाच आहे. माझं नाव माटिल्डा. महायुद्धात याच नावाचे खरे ब्रिटिश रणगाडे आफ्रिकेच्या वाळवंटात लढले. मी त्यांची छोटी प्रतिकृती. चिलखत जाड आणि चाल बैलगाडीची. पायी चालणाऱ्या शिपायांच्या सोबतीनं जावं म्हणूनच आमची घडण झाली, त्यामुळे घाई आम्हाला ठाऊक नाही.

माझा जन्म अकोल्यात, एका थ्रीडी प्रिंटरमध्ये झाला. तिथून मी वाशीमजवळच्या मालेगावला, बबनरावांच्या घरी आलो. त्यांच्या मुलानं, ऋषिकेशनं, मला वाळूचा रंग दिला. बुरूज चिकटवताना त्याचा हात हलला, तेव्हापासून मी जरासा डावीकडे बघतो.

ऋषिकेश सहा दिवस शेती बघतो आणि रविवारी युद्ध करतो. प्लायवूडवर चाळलेला मुरूम पसरला की त्याचं वाळवंट तयार. खेळाचा नियम असा की प्रत्येकानं शंभर गुणांत आपली फौज निवडायची. माझे गुण तीस. चपळ क्रूझर रणगाड्याचे वीस. आठ शिपायांच्या तुकडीचे दहा. ऋषिकेश ब्रिटिश घ्यायचा आणि डोळे झाकून पाच क्रूझर उचलायचा. मी आणि शिपाई दोन वर्षं पेढ्यांच्या डब्यात पडून होतो. आम्हाला फार वाईट वाटलं असं नाही. डब्यात सावली होती.

पण डब्यातूनही घर ऐकू येतं. या घराची एक मुलगी होती, साक्षी. तिचं लग्न वाशीमच्या शिवमशी झालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी कॅरम मांडला आणि ऋषिकेशनं नव्या नवरदेवाला एकही सोंगटी घेऊ दिली नाही. एवढ्यावर थांबता, तर निभावलं असतं. पण त्यानं ते मांडवभर सांगितलं. शिवम हसला, आणि पुन्हा या घराची पायरी चढला नाही. दिवाळसणालाही आला नाही. साक्षी एकटी यायची, दुपारी जेवायची आणि चारच्या बसनं परत जायची. वैजयंतीबाई लेकीची पिशवी भरत, तेव्हा डब्यांची झाकणं जरा जोरात लागत.

मग अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तबकात दिवा, अनारसे ठेवून वाण द्यायचं, असा रिवाज. वैजयंतीबाईंनी स्वतः फोन केला. शिवम हो म्हणाला, वर त्यानं विचारलं, "ऋषिकेशचा तो टँकचा खेळ हाय ना अजून? मांडून ठेवा म्हणा."

बबनरावांनी मुलाला समोर बसवलं. "हे पाय, जावई हारले नाही पाह्यजे."

"बाबा, खेळ हाय तो."

"कॅरमबी खेळच होता. पोरगी वर्षभर एकटी येऊन राह्यली, दिसत नाही का तुले?"

ऋषिकेशनं डबा उघडला. हरायचं तर हरण्याजोगी फौज हवी. त्याची नजर माझ्यावर पडली. "हे कासव घेतो," तो म्हणाला, "आन् उरलेल्या सत्तरचे सगळे शिपाई. इतकी मंद फौज कोनाची नसंल." अशा रीतीनं माझी पहिली निवड झाली. माणसं निवडतात तेव्हा कशासाठी निवडलं ते सांगत नाहीत, मला निदान स्पष्ट कळलं.

शिवम आला. धोंडे तळायच्या आधी एक डाव, असं ठरलं. तो इटालियन झाला, हलक्या रणगाड्यांची रांगच त्यानं मांडली. मधोमध बाटलीच्या झाकणाची विहीर. बाराव्या फेरीअखेर जो विहिरीपाशी असेल तो जिंकला. कूलरच्या वाऱ्यानं शिपाई पडत होते म्हणून कूलर बंद केलेला, आणि जूनच्या उकाड्यात सगळे घामानं निथळत उभे.

मी हळूहळू निघालो. माझ्या दोन्ही बाजूंनी छप्पन्न शिपाई. मी त्यांच्या पुढे जात नव्हतो, ते माझ्या मागे राहत नव्हते. शिवमचे गोळे माझ्यावर आपटत होते आणि फासा कितीही पडला तरी माझं चिलखत फुटत नव्हतं. सहाव्या फेरीत आम्ही विहिरीपाशी पोहोचलो. ऋषिकेश माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी त्याच्या घरी चोरी केली. हरण्यासाठी म्हणून त्यानं जी फौज निवडली, ती आमच्यासारख्यांची खरी फौज होती. दोन वर्षांत त्यानं ती कधी मांडलीच नव्हती.

बबनराव खोकले. ऋषिकेशनं समोरचा इटालियन रणगाडा सोडून रिकाम्या मुरमावर नेम धरला. पुढच्या फेरीत बबनराव पुन्हा खोकले आणि मला विहिरीपासून मागे नेण्यात आलं. शिपाई एकटे पडले आणि भराभर आडवे झाले.

शिवमनं हातातला फासा खाली ठेवला.

"हे काय चाललं?"

"काय भाऊजी?"

"मी चार महिने मोबाईलवर नियम वाचून राह्यलो. समोर टँक असताना तुमी मुरमाले गोळा मारता? मले लहान पोर समजून खेळवून राह्यले का?" त्याचा चेहरा उतरला होता. "तवा हसले, आता दया करून राह्यले. साक्षी, चाल. पिशवी घे."

बबनरावांना खोकला आला नाही. दारात वैजयंतीबाई पुरणाचं ताट धरून उभ्या होत्या. ते ताट खाली ठेवायचं की नाही, तेही त्यांना सुचेना.

साक्षीनं पिशवी घेतली नाही. ती भावाच्या जागेवर येऊन बसली. "दादा, सरक. जावयाचा मान तुमाले ठेवा लागते, मले नाही. अहो, बसा. मी खेळते."

"तुले येते का?"

"चार महिने नियम मोठ्यानं कोन वाचे घरात?"

शिवम उभाच राहिला. मग बसला. उरलेल्या फेऱ्या साक्षीनं मांडल्या. तिनं पहिल्यांदा मला परत विहिरीपाशी, उरलेल्या शिपायांत नेलं. दया तिनं केली नाही आणि शिवमनंही मागितली नाही. त्यानं मला एकदा बाजूनं गाठलं, माझा पट्टा तुटला, मी जागीच बसलो. पण जागा विहिरीची होती. बाराव्या फेरीअखेर माझ्या शेजारी तीन शिपाई उभे होते.

"हारले तुमी," साक्षी म्हणाली.

शिवमनं मला उचलून डोळ्यांजवळ नेलं, तिरप्या बुरुजावर नख फिरवलं आणि मग तो मोकळेपणानं हसला. वर्षभरात या घरानं ते हसू ऐकलं नव्हतं. "धोंडे तळा मामी," तो म्हणाला, "भूक लागली. आन् वाण म्हणून हाच पाह्यजे मले."

वैजयंतीबाईंनी तेहतीस अनारशांच्या मधोमध दिव्याशेजारी मला ठेवलं आणि कुंकू लावलं. बबनरावांनी जावयापुढे तबक धरलं. मला बरं वाटलं, हे सांगून टाकतो. ऋषिकेश शिपायांचा डबाही देऊ लागला, तर साक्षीनं तो मागे सरकवला.

"पायदळ इथंच राहू दे दादा."

"मंग मी एकट्या टँकचं काय करू?" शिवम म्हणाला.

"खेळाचं असंल तं या इथं."

या गोष्टीला तीन महिने झाले. आता मी वाशीमला टीव्हीशेजारी असतो. पट्टा शिवमनं चिकटवलाय, वाकडाच. कपाळावरचं कुंकू कोणी पुसलं नाही. आज रविवार. शिवमनं मला रुमालात गुंडाळून खिशात घातलंय, साक्षी मागे बसलीय आणि गाडी मालेगावच्या रस्त्याला लागलीय.

तुमची फौज निवडताना एवढं करा, मला एकट्याला घेऊ नका. आता मला उशीर होतोय, डब्यात माझी माणसं थांबली आहेत.