दोन निळ्यांमधलं अंतर

राखाडी खोलीत शिरलं की आधी थोडा वेळ गप्प बसायचं. भिंती राखाडी, टेबल राखाडी, अंगावरचा कोटही राखाडी. बाहेरचे रंग डोळ्यांतून निवळून जाईपर्यंत आत्या आणि भाची पाण्याच्या तळाशी बसल्यासारख्या बसून राहिल्या.

आत्या कापडगिरणीत रंग पास करायची, म्हणजे कापडाचा रंग नमुन्याशी जुळतो का ते बघायची. तिच्या तीक्ष्ण नजरेमुळे तिथे तिला सगळे घार म्हणत. भाची गिरणीतल्यांची नजर तपासायची. आज आत्या नापास झाली, तर रंगखोलीतली तिची खुर्ची जाणार होती.

"मला सवलत देऊ नकोस हं," आत्या म्हणाली. "आणि दिलीसच, तर मला कळू देऊ नकोस."

भाचीने दिव्याखाली दोन रंगीत चकत्या ठेवल्या. "सारख्या की वेगळ्या?"

"वेगळ्या."

निळ्या, मोरपंखी, पुन्हा निळ्या. आत्या सांगत राहिली, वेगळ्या, वेगळ्या, डावी जरा हिरवट. मधूनमधून अगदी एकाच रंगाची जोडी ठेवायची, हे यंदाच सुरू झालं होतं. जन्मभर फरक शोधायचा पगार घेतलेली बाई तिथेही फरक सांगत होती.

"आत्या, ही जोडी एकाच डब्यातल्या रंगाची आहे."

"लबाड कुठली." आत्याने कोटाची बाही उगाच सारखी केली. "घारीने 'दिसत नाही' म्हणायचं कसं गं?"

"आता दिसतं तसं सांग."

भाचीने एक निळी आणि एक हिरवट चकती ठेवली. आत्या बराच वेळ पाहत राहिली.

"सारख्या," ती हळूच म्हणाली. "सगळे रंग एकमेकांच्या जवळ आलेत. मोतीबिंदू नाही, डॉक्टर म्हणाले, वयच झालंय. परवा खिडकीत उभी होते, तर झाड कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, कळेना. हिरवं आपलं चालत चालत निळ्यात निघून गेलेलं. इतकं बरं वाटलं, म्हणून तर घाबरले."

भाचीने त्या चकत्यांकडे डोळे किलकिले करून पाहिलं. तिला त्या वेगळ्याच दिसत राहिल्या.

"नापास ना?"

"हो."

"मग लिही की. पेन काय शोभेला धरलंयस?"

भाचीने लिहिलं. आत्या उठेल असं तिला वाटलं होतं; ती खुर्ची ओढून दिव्याजवळ सरकली.

"आणखी ठेव," ती म्हणाली. "आता काही विचारू नकोस. नुसतं बघू दे."