सीमेच्या अलीकडचा स्फटिक

मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे. करडा, चकचकीत, नखाएवढा. माझ्या पोटातून वीज जात नाही, अंगावरून मात्र ती सुसाट धावते.

जर्मनीतल्या माइन नदीकाठच्या एका प्रयोगशाळेत इल्का ब्रांडश्टेटरने मला घडवले. बिस्मथ, सेलेनियम आणि थोडे इंडियम तिने काचेच्या नळीत बंद केले, भट्टीत वितळवले आणि हळूहळू निवू दिले. इंडियमचे प्रमाण एका सीमेपलीकडे गेले, की अंगावरची विजेची वाट मिटते. मग कितीही गारठवा, ती परत येत नाही. ती सीमा इल्कानेच शोधली. मी अलीकडचा, माझा जुळा भाऊ पलीकडचा. दिसायला दोघे अगदी सारखे.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. फोल्कमार यांनी तो शोध एकट्याच्या नावावर छापला. इल्काने जाब विचारला, तेव्हा ब्रेत्सेल नावाचा खारा पाव चघळत ते म्हणाले, "अगं, भट्टी कोणाची? खोली कोणाची? तू नुसतं शिजवलंस!"

त्या दिवशी मी डूख धरला.

पुढे पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठरले. फोल्कमारांनी आमच्या डब्यांवरच्या इल्काच्या चिठ्ठ्या खरवडल्या आणि स्वतःच्या नावाच्या चिकटवल्या. त्या घाईत आमची अदलाबदल झाली. इल्काने दारातून ते पाहिले आणि ओठ घट्ट मिटले. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पाहुणे जमले. फोल्कमारांनी आतला ताजा थर उघडा पडावा म्हणून माझ्या भावाचा वरचा पापुद्रा चिकटपट्टीने सोलला आणि त्याला यंत्रात ठेवले. पडद्यावर दोन रेषांची फुली, म्हणजे अंगावरच्या विजेच्या वाटेची खूण, पडायला हवी होती. रेषा उमटल्या, पण एकमेकींना शिवल्याच नाहीत.

"इल्का, हे काय झालं?"

"मला काय विचारता, डॉक्टर? डब्यावर नाव तुमचं आहे."

एक वयस्क पाहुण्या बाई खुदकन हसल्या. "मग हे घडवलं तरी कोणी?"

"मी," इल्का म्हणाली. तिने मला उचलले, सोलले, यंत्रात ठेवले. पडद्यावर लख्ख फुली उमटली. फोल्कमार घाम पुसत राहिले. त्यांच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही!

शोधनिबंध पुन्हा छापला गेला, इल्काच्या नावाने.

सोलून सोलून आता मी पातळ झालो आहे. मित्रांनो, आम्हाला दमट हवेपासून जपा, आणि आम्हाला घडवणाऱ्या हातांना त्याहून जपा. इल्काने फोल्कमारांना केव्हाच माफ केले. मी केलेले नाही.