तांबूच्या नव्या मालकाचा नंबर

दातांच्या डॉक्टरीणबाई ठरलेल्या वेळेच्या दीड तास आधीच पागेत जाऊन उभ्या राहिल्या. मुद्दाम. गिऱ्हाईक यायच्या आत विकणारा घोड्याला पळवून दमवतो आणि मग तो गाईसारखा गरीब वाटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? महिन्यापूर्वी त्यांनीही असलाच उद्योग केला होता.

त्यांचा घोडा तांबू प्रदर्शनाच्या रिंगणात बारा वर्षं मिरवला, आणि आता गारठा पडला की मागच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. एका मास्तरांना नातीसाठी घोडा हवा होता. बाईंनी त्यांना भर दुपारी बोलावलं, त्याआधी तांबूला तासभर फिरवून पाय मोकळा करून ठेवला आणि लंगडण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. खरं सांगितलं तर म्हाताऱ्याला कोण घेणार, ही धास्ती. घरच्या तबेल्यात जागा एकाच घोड्याची. तांबू गेला त्या दिवशी बाई ढसाढसा रडल्या, पण मास्तरांना फोन काही केला नाही. तेव्हापासून त्यांना अख्खं जग लबाड दिसायला लागलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

नवा घोडा काळा कुळकुळीत होता. बाईंनी त्याची पाठ चाचपली. कोरडी. छातीला हात लावला, घामाचा पत्ता नाही. मग त्याचं तोंड उघडलं. धर्माच्या गाईचे दात बघू नयेत म्हणतात, पण हा काही धर्माचा नव्हता. पागेवाल्याने वय आठ सांगितलं होतं आणि दातही आठच म्हणत होते. त्यामुळे तर बाईंचा संशय आणखी वाढला.

"खोड काय आहे याची?"

"उघडी छत्री बघून बिथरतो," पागेवाला म्हणाला.

एक कबूल केली म्हणजे चार दडवल्या असणार, बाईंनी मनात म्हटलं. त्यांनी काळ्याला फरशीवर चालवायला लावलं, दोन्ही बाजूंनी गोल फिरवायला लावलं, पुन्हा फिरवायला लावलं. मान ताठ ठेवून तो असा काही दुडकत गेला की बाई आपला संशय विसरल्या.

"घेते मी."

"थांबा जरा. माझी एक पद्धत आहे. तुमचा मागचा घोडा ज्यांनी घेतला, त्यांचा नंबर द्या. माणूस घोडा घेताना नाही कळत, विकताना कळतो."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नंबर हरवला म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. पण पागेवाला काळ्याला आत न्यायला वळला, तसा त्यांनी मुकाट्याने नंबर दिला. त्याने लगेच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि घोडा कसा निघाला ते विचारलं.

"बाईंचा घोडा ना? सोनं आहे हो!" मास्तर घाईघाईने म्हणाले. "काही म्हणजे काही खोट नाही त्याच्यात."

बाई चपापल्या. एवढ्या गारठ्यात तांबू लंगडत नाही? मास्तर काय लपवतायत? काही बरंवाईट तर झालं नाही?

"मास्तर, मी इथेच उभी आहे," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "तो थंडीत लंगडतो. मला माहीत होतं. मी फसवलं तुम्हाला."



"आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं," मास्तर हळूच म्हणाले. "पण नातीने शपथ घातलीय, कोणाला सांगायचं नाही म्हणून. कळलं तर तुम्ही त्याला परत न्याल, असं वाटतं तिला. नाही ना न्यायचं, बाई?"

"नाही हो. तुमचाच आहे तो," बाई म्हणाल्या. त्यांना हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

पागेवाल्याने फोन खिशात टाकला. बाईंनी डोळे पुसले.

"आता आणखी काही तपासत नाही. तुमच्या शब्दावर घेते मी काळ्याला."

"माझ्या शब्दावर तुम्ही घ्याल हो," पागेवाला लगाम हातात गुंडाळत म्हणाला. "पण तुमच्या शब्दावर मी देऊ का, ते मला अजून ठरवायचंय. उद्या या."